दिवसातून तीनदा

चव बघून एत्तोरे ब्रेसान शेडच्या मागच्या दाराने बाहेर पडला, आणि शेडमधल्या सगळ्यांनी नोर्माकडे पाहिलं.

चव बघायची म्हणजे डुकराच्या खिम्यात मीठ, मिरी, लसूण आणि लाल वाइन घालून झालं की त्यातली एक टिकली तव्यावर परतायची आणि घरातल्या सर्वांत मोठ्या पुरुषाच्या हातात द्यायची. त्याने "चालेल" म्हटल्याशिवाय तो खिमा आतड्यांत भरून सलामी करायला सुरुवात होत नसे. बेपी ब्रेसान वारला तेव्हापासून हा मान त्याच्या मुलाचा, एत्तोरेचा. अडतीस वर्षं तो दर जुलैच्या थंडीत तीन टिकल्या खाऊन, डोळे मिटून, सगळ्यांना चांगलं ताटकळत ठेवून मग "चालेल" म्हणत आला होता. आज त्याने एकच घास घेतला, तोंडातला घास गिळायच्या आधी "चालेल" म्हटलं आणि पोट धरून निघून गेला.

"माझ्याकडे काय बघताय?" नोर्मा म्हणाली. एत्तोरेची ही धाकटी बहीण सत्तरीची होती, पण खिमा मळताना तिचे दंड अजून विशीतले दिसायचे. "हा खिमा इनेसचा आहे. मीठ इनेसने घातलंय."

"तुझ्याकडे कोण बघतंय," इनेस तिच्याकडेच बघत म्हणाली. एत्तोरेची बायको इनेस टोपलीएवढ्या भांड्यापुढे बसून डुकराची आतडी धूत होती. पाण्यात व्हिनेगर आणि संत्र्याच्या साली. एकेक आतडं बोटांवर घेऊन उजेडात धरायचं, कुठे चीर नाही ना ते बघायचं आणि मग ताज्या पाण्यात सोडायचं. "मी एवढंच म्हणते की गेल्या रविवारी तू तुझी मिरचीवाली सलामी घेऊन आलीस. त्याने अर्धी खाल्ली. आणि सोमवारपासून त्याचं तोंड बघ."

"अर्धी त्याने खाल्ली आणि अर्धी मी खाल्ली. माझं तोंड कसं आहे?"

"तुझं पोट वेगळं. तू लहानपणापासून स्वतःच्या हातचं खातेस."

खिम्याचं यंत्र फिरवणारा रेंझो खाली मान घालून हसला. एत्तोरे-इनेसचा हा मुलगा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, आणि आई नि आत्या यांच्यामध्ये पडायचं नाही हे तो पाचव्या वर्षीच शिकला होता. आज मात्र तो पडला. आईला मामा आणि आत्याला झिया म्हणायची या इटालियन घराची रीत होती. "मामाचं बरोबर असेल, झिया. सलामीच असेल. दुसरं काय असणार?"

"दुसरं काय असणार?" इनेसनेही लगेच म्हटलं.

दोघं ज्या घाईने एकमेकांशी सहमत झाली ती घाई रेंझोच्या मुलीला, जेम्माला, खटकली. ब्रेसानांच्या घरात कोणाचं पोट बिघडलं की आधी स्वयंपाक कोणाचा होता याची चौकशी व्हायची, औषध मागाहून. पण आरोपी समोर हजर असताना एवढं एकमत तिने कधी पाहिलं नव्हतं. ती हातातला दोरा खाली ठेवून म्हणाली, "मी नोन्नोला बघून येते," आणि मागच्या दाराने गेली.

घरातल्या न्हाणीघरात नोन्नो, म्हणजे आजोबा, नव्हता. ओट्यावर नव्हता. उसाच्या कडेने नुकतीच तुडवलेली एक पाऊलवाट आंब्याकडे जात होती. आंब्याखाली बेपी पणजोबाने स्वतः फळ्या ठोकून बांधलेला संडास होता. वीस वर्षांत तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. त्याच्या दाराची साखळी आज निघालेली होती.

आत बसलेला एत्तोरे आढ्यावरच्या दोन हिरव्या बेडकांकडे बघत होता. आठ दिवसांत त्यांची चांगली ओळख झाली होती. मोठा जरा आगाऊ होता, लहान सभ्य होता.

नाइलाज होता. घरातल्या न्हाणीघराची भिंत स्वयंपाकघराला लागून, आणि इनेसचे कान मांजराचे. इथे कोणी मोजत नव्हतं. काल आठ वेळा. आज सकाळपासून पाच, आणि अजून जेवायचं होतं.

हे काय आहे ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पाठीवरच्या तिळाचा कॅन्सर फुप्फुसात उतरला तेव्हा टाउन्सव्हिल शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाबद्दल त्याला समजावलं होतं. हे औषध कॅन्सरला मारत नाही, एत्तोरे. तुमच्या अंगात राखणदार पेशी असतात, कॅन्सर त्यांचे ब्रेक दाबून ठेवतो, आम्ही फक्त ते ब्रेक काढतो. एकतीस वर्षं कारखान्याची उसाची रेल्वे चालवलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागलं नाही. "आणि ब्रेक काढलेली गाडी समोर काय आहे ते बघत नाही," तो म्हणाला होता. "बरोबर," बाई म्हणाल्या होत्या. "ती कातडीत शिरेल, यकृतात शिरेल, आतड्यात शिरेल. शिरली की आम्हाला त्याच दिवशी कळवायचं." आणि त्यांनी पाकिटात ठेवायला एक पिवळं कार्ड दिलं होतं.

गाडी आतड्यात शिरली होती. पण चार सलाइनींत फुप्फुसातली लिंबाएवढी गाठ वाटाण्याएवढी झाली होती. पाचवी सलाइन येत्या गुरुवारी. कळवलं तर ती बंद होणार. म्हणून त्याने कळवलं नव्हतं. त्याचा सगळा विचार एवढाच होता, आणि त्यात त्याला काही चूक दिसत नव्हती.

"नोन्नो?"

"कोणी नाहीये इथे."

"बरं. मग जो कोणी नाहीये त्याने सांगावं, किती दिवस झाले?"

बेडकांनी मदत केली नाही. "दोन-तीन," एत्तोरे म्हणाला.

"इथे दाराबाहेर कागदाची सहा रिकामी रिळं पडलीत."

"बेडूक वापरतात."

"नोन्नो, रक्त पडतंय?"

जेम्माने दाराला टेकून वाट बघितली. पलीकडे रुळांवरून उसाची रेल्वे खडखडत गेली. एत्तोरेने सवयीने डबे मोजले, आणि शेवटचा डबा गेल्यावर म्हणाला, "थोडं. काल आठ वेळा."

"कार्ड दे."

"जेम्मा, गुरुवारपर्यंत थांब. सलाइन होऊ दे. त्यानंतर मी स्वतः सांगतो. आजोबाने कधी काही मागितलंय तुझ्याकडे?"

"रोज मागतोस. कार्ड दे."

"तुझ्या बापाने गोळ्या आणून दिल्यात पोट बांधायच्या. त्या घेतो ना मी."

"पापाला माहीत आहे?" जेम्माने विचारलं. तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. दाराखालच्या फटीतून आधी पाकिटाचा कोपरा दिसला, मग पिवळं कार्ड बाहेर आलं.

शेडमध्ये तोवर नोर्माने यंत्राला नळी लावली होती, पण भरायला कोणी सुरुवात केली नव्हती. जेम्माने आत येऊन सरळ सांगितलं. काल आठ वेळा. रक्त पडतंय. कितीतरी दिवस तो बेपीनोन्नोच्या संडासात लपून बसतोय. पापाने त्याला गोळ्या दिल्यात.

इनेस मुलाकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"मामा, त्याने शपथ घातली. मला वाटलं, पोट आहे, बिघडतं." रेंझोने हात पुसायला फडकं शोधलं आणि ते खांद्यावरच होतं. "गुरुवार जाऊ दे म्हणाला. गाठ वाटाण्याएवढी झालीये, मामा. मी काय करायला हवं होतं? ते औषध बंद पडावं असं तुला वाटतं?"

"औषधाचा काय संबंध? सलामीने झालंय हे," इनेस म्हणाली.

"इनेस," नोर्मा म्हणाली, "सलामीने रक्त पडत नाही."

"तुझ्या सलामीने पडेल. एवढी मिरची कोण घालतं? तुझ्या आईने कधी घातली? त्या तिखटखाऊ कॅलाब्रियाच्या माणसाशी लग्न केलंस म्हणून आम्ही सगळ्यांनी पोटाला आग लावून घ्यायची?"

नोर्माच्या ओठांवर उत्तर तयार होतं. पन्नास वर्षं त्या दोघी याच विषयावर भांडत आल्या होत्या आणि दोघींची वाक्यं पाठ होती. नवऱ्याचं नाव निघालं की नोर्मा म्हणायची, निदान माझ्या नवऱ्याला चव होती. यावर इनेस म्हणायची, म्हणूनच तो माझ्याकडे जेवायला यायचा. पण आज नोर्माची नजर इनेसच्या हातांवर गेली. धुतलेलं आतडंच ती पुन्हा पुन्हा धूत होती.

तेव्हा नोर्माच्या डोक्यात उजेड पडला. हिला सलामी हवी आहे. सलामी असेल तर दोन दिवस भाताची पेज आणि सगळं ठीक. सलामी नसेल तर ते औषध, आणि औषध असेल तर ते बंद, आणि मग त्या वाटाण्याचं पुन्हा लिंबू होणार. भावजय आपल्यावर आरोप करत नव्हती. ती भीक मागत होती. नोर्माला एकदम रडू आलं, आणि ते तिने मिरची लागल्यासारखं मनगटाने पुसलं.

"बरं," ती म्हणाली. "माझीच सलामी असेल. मिरची जास्त पडली खरी. डुक्करही जून होतं. चूक झाली माझी, इनेस."

यंत्राच्या दांड्यावर रेंझोचा हात तसाच राहिला. झिया नोर्माने सलामीबद्दल चूक कबूल केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. १९८६ साली सगळं गाव आजारी पडलं होतं तेव्हाही नव्हतं.

इनेस नणंदेकडे बघत राहिली. तिने हात पाण्यातून काढले आणि ॲप्रनला पुसले, सावकाश, एकेक बोट.

"नाही," ती म्हणाली. "तुझी सलामी रविवारची. याचं त्याआधीच्या बुधवारपासून आहे."

"तुला कसं माहीत?"

"बावन्न वर्षं भिंतीच्या या बाजूला उभी आहे मी. सकाळी सहाला तो जातो, एकदा पाणी सोडतो. दिवसाला एकदा. त्या बुधवारी तीनदा सोडलं. गुरुवारी पाचदा. शुक्रवारी एकदाही नाही." ती थांबली. "मला कळायला हवं होतं की तो दुसरीकडे जातोय. मी म्हटलं, बरा झाला. मला ते म्हणायचं होतं म्हणून म्हटलं. मग रविवारी तू सलामी घेऊन आलीस, मला ती सोयीची पडली." तिने नोर्माच्या दंडावर ओला हात ठेवला. "तुझ्या सलामीत काही वाईट नाही. कधीच नव्हतं."

रेंझो म्हणाला, "मामा, हे पुन्हा एकदा म्हणशील? फोनवर घेऊन ठेवतो."

"तू फोन लाव," इनेस म्हणाली. "कार्डावरच्या नंबराला. आणि आवाज मोठा ठेव. तुझ्याशी नंतर बोलते."

शनिवार असूनही फोन दुसऱ्या घंटीला उचलला गेला. ब्रॉनविन नावाची नर्स एत्तोरेला ओळखत होती. दर सोमवारी तीच त्याला फोन करायची. जेम्माने सगळं सांगितलं. आठ वेळा, रक्त, पोटात कळा, गोळ्या.

"त्या गोळ्या आता देऊ नका," ब्रॉनविन म्हणाली. "त्यांनी आतली सूज झाकली जाते, बरी होत नाही. एक मिनिट, मी त्यांची नोंद काढते. सोमवारी ते म्हणाले होते चार वेळा. त्यांचं नेहमीचं प्रमाण दिवसाला तीन, म्हणजे एकच जास्त होतं, म्हणून मी घाई केली नव्हती. काल आठ म्हणजे पाच जास्त. आज कोणी डॉक्टरांनी त्यांना तपासलंच पाहिजे—"

"थांबा," इनेस म्हणाली. "तीन कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. औषध सुरू करताना आम्ही विचारतो."

शेडमध्ये सगळ्यांनी एकमेकांकडे पाहणं टाळलं. दिवसातून तीनदा हे या घराण्याचं बोधवाक्य होतं. ब्रेसान पुरुष दिवसातून तीनदा जातो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, कारखान्याच्या भोंग्यासारखा. बेपी तसा जायचा हे अख्ख्या गावाला माहीत होतं. बारशाला, लग्नाला, ग्लास वर करून "ब्रेसानांच्या पोटाला" असं म्हटलं जायचं. एत्तोरे साठ वर्षं तीच टिमकी वाजवत आला होता, आणि रेंझोही गावातल्या बारमध्ये वाजवायचा.

मागच्या दारात एत्तोरे उभा होता. तो कधी आला ते कोणाला कळलं नव्हतं. तोंड पांढरं, विजार सैल. त्याने इनेसकडे बघून अगदी थोडी मान हलवली. नको म्हणत होता.

इनेसच्या हातात एक आतडं होतं. कधी उचललं ते तिलाही आठवत नव्हतं. "बाई," तिने फोनकडे तोंड करून विचारलं, "समजा तीन नसेल आणि एक असेल, तर काय फरक पडतो?"

"मग पाच नाही, सात जास्त. मग तपासणी वगैरे नाही, थेट इथे भरती, आत्ता. सूज वाढली की आतड्याची भिंत पातळ होते, मिसेस ब्रेसान. तिला भोक पडू शकतं."

हातातलं आतडं उजेडात धरलेलं होतं. मधोमध बोटभर चीर. अशी आतडी ती बिनदिक्कत बादलीत टाकायची, दर जुलैला पाच-सहा निघायची. आज तिला ते टाकता येईना.

"एक," ती म्हणाली. "दिवसातून एकदा. मी बायको आहे त्याची, मला विचारा. पेपर घेऊन तो तीनदा जाऊन बसतो, पण पाणी एकदाच सोडतो."

"इनेस," एत्तोरे दारातून म्हणाला. एवढंच.

"लाज वाटते तर वाटू दे," इनेस म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मला तू हवा आहेस. तुझे तीन नकोत मला."

एत्तोरे दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मग खाली बसला, खिम्याच्या रिकाम्या पेटीवर. तो म्हणाला, "औषध बंद करतील गं," आणि तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की त्यालाही भीती वाटते आहे. दहा दिवसांत त्याने हे फक्त बेडकांना सांगितलं होतं.

"करू देत," नोर्मा म्हणाली. "मेलेल्या माणसाला औषध चालू ठेवून काय उपयोग? ऊठ."

मग धावपळ झाली. रेंझोने पिकअप दारात आणली, जेम्माने पिशवी भरली, मागच्या सीटवर टॉवेल आणि बादली ठेवली. टाउन्सव्हिलला दीड तास. एत्तोरे म्हणाला, वाटेत चार ठिकाणी थांबावं लागेल. रेंझो म्हणाला, पाच ठिकाणी थांबू, पापा, आपण ब्रेसान आहोत. एत्तोरेने त्याला शिवी दिली, आणि ती बरीच दमदार होती म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

इनेस गाडीत चढता चढता थांबली. शेडमध्ये ऐंशी किलो खिमा वाट बघत होता. तो उद्यापर्यंत राहिला नसता, आणि पन्नास वर्षांत नोर्माने तिच्या खिम्याला एकटीने हात लावला नव्हता.

"नोर्मा, तू भर," ती म्हणाली. "चव तू बघ."

"मी? चव पुरुष बघतात."

"पुरुषांचं बघितलं आज सगळ्यांनी. तू बघ. मीठ कमी वाटलं तर घाल."

नोर्माने एकदा शेडकडे पाहिलं. "आणि मिरची?"

इनेसने दार ओढून घेतलं. काच खाली केली. "थोडी," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर सगळी जमली तेव्हा एत्तोरे उशीला टेकून बसला होता आणि दुसऱ्यांदा जेवण मागत होता. स्टेरॉइडची सलाइन लागली की भूक खवळते असं ब्रॉनविनने सांगितलं होतं. जीभही खवळते हे सांगायचं राहिलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्याने सकाळपासून उसाच्या रेल्वेची संपूर्ण माहिती दिली होती, आणि त्या माणसाने आता कानात काहीतरी घातलं होतं.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. आतड्यात दुर्बीण घालून पाहिलं होतं. सूज बरीच होती, भोक नव्हतं. "दोन दिवस उशीर केला असता तर" हे वाक्य त्यांनी पुरं केलं नव्हतं, इनेसनेही विचारलं नव्हतं. आणि हो, औषध बंद. पाचवी सलाइन नाही.

"मग वाटाणा?" एत्तोरेने विचारलं होतं.

"तुम्ही सांगा. गाडी भरधाव असताना इंजिन सोडवून घेतलं तर डबे जागच्या जागी थांबतात?"

"नाही. पुढे जातात. उतार असेल तर बरंच."

"काहींच्या अंगात खूप लांब जातात. त्या राखणदारांना काम लक्षात राहतं. मी वचन देत नाही. पण आपण स्कॅन करत राहू."

ते त्याने आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं आणि दर वेळी उतार जरा वाढत होता.

आता ब्रॉनविन हातात पेन घेऊन खाटेजवळ आली. "एत्तोरे, आज किती?"

"तीन," एत्तोरे म्हणाला.

इनेसने डोळे वटारले. "खरे?"

"खरे. परवा सात, काल पाच, आज तीन." तो छताकडे बघून म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा खरे तीन. आणि काय सांगू, काही मजा नाही त्यात."

जेम्मा एवढी हसली की शेजारच्या माणसाने कानातलं काढून बघितलं. ब्रॉनविनने कागद पुढे केला. "तुमचं नेहमीचं प्रमाण मला इथे दुरुस्त करायचंय. तुमच्या तोंडून हवंय."

एत्तोरेने खाटेभोवती बघितलं. बायको, बहीण, मुलगा, नात. "एक," तो म्हणाला. "लहानपणापासून एक. पापा तीनदा जायचा. मी बसायचो, वाट बघायचो. वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, अजून बसतो."

खिडकीजवळ उभा असलेला रेंझो खोकला. "माझंही एकच आहे, पापा."

"काय?"

"कधी कधी एक दिवसाआड."

बाप-लेक एकमेकांकडे बघत राहिले. एत्तोरेच्या चेहऱ्यावर आधी धक्का होता, मग राग, मग असं काहीतरी की इनेसने तोंड फिरवलं. लेकाने काढलेली सगळी वर्षं त्याला त्या क्षणी दिसली असावीत. त्याने हात पुढे केला, रेंझोने धरला.

नोर्मा खुर्चीत चुळबुळत होती. पर्सची कडी उघडत होती, लावत होती. "आता बोलते मी," ती म्हणाली. "पापाला जाऊन अडतीस वर्षं झाली. मामाही गेली. आता कोणी मारणार नाही मला."

"कशाबद्दल?"

"पापा तिथे सिगारेट ओढायचा."

एत्तोरेने उशीवरून मान उचलली.

"मामाने सोडायला लावली होती. म्हणून दिवसातून तीनदा आंब्याखाली. काड्यांची पेटी माझ्या फ्रॉकच्या खिशात असायची. मी नेऊन द्यायची, मला लिमलेटची गोळी मिळायची. मामाने एकदा विचारलं, इतक्या वेळा काय जातोस, तर तो म्हणाला, ब्रेसान पुरुष तीनदाच जातो. तिथून सुरू झालं हे."

"आणि तू साठ वर्षं गप्प बसलीस?" एत्तोरे म्हणाला.

"गोळी खाल्ली होती ना," नोर्मा म्हणाली.

एत्तोरे हसायला लागला. पोट धरून हसला, आणि मग पोट दुखलं म्हणून थांबला, आणि परत हसला. "साठ वर्षं," तो म्हणत होता. "साठ वर्षं पेपर घेऊन बसलो." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं. ब्रॉनविनने 'तीन' खोडलं, वर 'एक' लिहिलं, आणि पडदा ओढून घेतला.

सलामी पिकायला सहा आठवडे लागतात. स्टेरॉइडच्या गोळ्या आठवड्यागणिक उतरवत नेल्या तेही साधारण तेवढेच. ऑगस्टच्या अखेरीस स्कॅन झाला. वाटाणा वाटाण्याएवढाच होता. औषधाशिवाय, जागच्या जागी. पण गोळ्या थांबल्या की सूज परतू शकते असं ब्रॉनविनने बजावलं होतं, म्हणून गोळ्यांचा शेवटचा तुकडा संपला त्या सोमवारी इनेस सकाळपासून स्वयंपाकघरातच होती. भिंतीच्या या बाजूला.

सहाला एत्तोरे आत गेला. पाण्याचा आवाज आला. एकदा.

तिने भांडी घासली. घासलेली परत घासली. नाश्ता झाला, कॉफी झाली. कारखान्याचा भोंगा वाजला. तिने नोर्माने भरलेल्या सलामीचा पहिला तुकडा कापला आणि उभ्याउभ्या खाल्ला. मिरची थोडी नव्हती, चांगली होती. तिने दुसरा तुकडा कापला.

दुपारी एत्तोरे पेपर बगलेत घेऊन स्वयंपाकघरातून गेला. तिच्याकडे न बघता न्हाणीघरात शिरला आणि कडी लावली. इनेसने सुरी खाली ठेवली. पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. मग कडी निघाली, आणि तो तसाच पेपर बगलेत घेऊन, शीळ घालत ओट्यावर गेला.

पाण्याचा आवाज आला नव्हता.

इनेसने फोन उचलला आणि नोर्माला लावला. "एकदा," ती म्हणाली.

पलीकडे नोर्माने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "नक्की एकदाच?"

"दुसऱ्यांदा नुसता पेपर."

"देवा," नोर्मा म्हणाली, आणि दोघी फोन धरून बसून राहिल्या, आपापल्या स्वयंपाकघरात. थोड्या वेळाने नोर्माने विचारलं, "सलामी कापलीस?"

"कापली," इनेस म्हणाली, आणि तिसरा तुकडा तोंडात टाकला. "मिरची जास्त झालीये."